मालूबाईचं ‘तू’

निंबोल्याच्या मालूबाईला ‘तू’ सोडून दुसरं काही येत नव्हतं. तिच्या बोलीत सासरा तू, पटवारी तू, आणि बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात झाडू मारायला लागल्यापासून प्राध्यापकही तू. वीस वर्षांत त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मग राज्यशास्त्राचे नंदकुमार सर बदलून आले.

सरांचा विषय समता. माणसं वेगळी असतात, पण वेगळेपण म्हणजे कमीपण नव्हे, हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की स्टाफरूममधल्या पंख्यालाही पाठ झालं असावं. मालूबाईला ते स्वतः “ए मालू” म्हणत. त्याने समतेला काही धक्का बसत नसे.

संविधान दिनाच्या भाषणात सर ‘परकेपण’ या शब्दावर आले आणि त्यांना ठसका लागला. मालूबाई पाण्याचा ग्लास घेऊन थेट स्टेजवर चढली. माईक चालूच होता.

“सर, तू पानी पी आधी. मंग बोल.”

सगळा हॉल खो खो हसला. सरही हसले, पण दुपारी प्राचार्य प्रतिभा मॅडमकडे त्यांचा तक्रार अर्ज पोचला.

“मालूबाई, उद्यापासून सरांना इथल्या हिंदीतलं ‘आप’ म्हणायचं,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर काम सोडावं लागेल.”

“मी देवाले बी तूच म्हनते मॅडम. त्याचा तं अर्ज नाही आला.”

बोलायला बोलली, पण जीव चरकला होता. घरात कमावणारी ती एकटी. शिवाय वीस वर्षं माया लावून बोललेलं एकदम शिवी ठरलं, हे तिला फार लागलं. बसमध्ये निंबोल्यापर्यंत ती तो एक शब्द घोकत बसली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाली, “सर, आप पाय उचला.”

सरांचा चेहरा खुलला. टेबलाखाली कॉलेजचं कुत्रं झोपलं होतं. मालूबाई वाकली. “आप बी उठा. आपले केस लय पडते.”

आठवडाभर कुत्रं आप, कावळा आप, तुंबलेली मोरीसुद्धा आप. सर पुन्हा मॅडमकडे गेले. मॅडम वैतागल्या. “कुणाला आप म्हणायचं, कुणाला नाही, याची यादी तुम्हीच लिहून द्या. वरपासून खालपर्यंत, क्रमाने. नोटीसबोर्डावर लावू.”

समतेचे सर यादी लिहायला बसले. पहिलं नाव मॅडमचं, दुसरं स्वतःचं. पुढे पेन अडलं. मालूबाई झाडू धरून समोरच उभी होती.

“मले वाचता नाही येत सर. आपच सांगा ना, मी कितवी? कुत्र्याच्या वर का खाली?”