रानट्याच्या चपला

हडपसरच्या आमच्या कार्टून कंपनीत एक जुने चित्रकार माझ्या शेजारी बसायचे. एका परदेशी गिऱ्हाइकासाठी रानटी वीर घडवायचं काम त्यांच्याकडे होतं. वीराच्या मांड्या तालमीतल्या पैलवानाच्या, मिश्या खडकीच्या क्वार्टर्समधल्या सुभेदाराच्या आणि गदा म्हणजे घरचा बत्ता. कुणी विचारलं, की पेन्सिल कानामागे खोचून म्हणायचे, "अहो, पाहिलंय तेच काढणार. रानटी मी कुठे पाहिलाय?"

एकदा त्यांच्या वीराने राक्षसाच्या गुहेत शिरण्याआधी चपला दारात काढल्या. नीट जोडीने, भिंतीला लावून. आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून आम्हीही अनवाणीच बसायचो. चित्रं रवाना झाली आणि गिऱ्हाइकाचा फोन आला, "हे कशाचं प्रतीक?"

काम हातचं गेलंच असं वाटून आमच्या साहेबांना घाम फुटला. चित्रकार मात्र फोन हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "शत्रूचा मान."

पलीकडे असा काही आनंद झाला, की चपला काढणं हीच वीराची खूण ठरली. आम्ही टेबलाखाली तोंडं लपवून हसत होतो.

पुढच्या महिन्यात ते गिऱ्हाईक स्वतः आलं. सहा फूट उंच, दाढीवालं. दारात थबकलं, वाकलं आणि गुडघ्यापर्यंतचे बूट ओढून ओढून काढू लागलं. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

ह्यांनी उठून ते बूट जोडीने भिंतीला लावले आणि परत येता येता माझ्या कानाशी म्हणाले, "चला, एक तरी रानटी सुधारला."