मंगळवारचा फोन आणि चंपाअक्कांचा अंगठा

के. आर. पुरमच्या चंपाअक्का मूळच्या निपाणीच्या. खानावळीत रोज चाळीस माणसं जेवू घालणारी, तोंडाने फटकळ बाई. साखरेचा आजार जुनाच होता. १९९४ साली उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. डॉक्टर भीमाचार्य धारवाडचे, मराठी जाणणारे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, सहा आठवड्यांत साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. त्या पायाने दोन बस बदलत दर आठवड्याला येणं अशक्यच. म्हणून म्हणाले, मंगळवारी सकाळी फोन करा.

अक्का रोज दोनदा काचेच्या नळीत निळं औषध घेत, त्यात लघवीचे थेंब टाकत आणि मागच्या स्टोव्हवर उकळत. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, विटकरी झालं तर कठीण. मंगळवारी एसटीडी बूथवरून हे रंग खणखणीत आवाजात सांगत. बूथवाल्या पद्माकरला कितीतरी दिवस वाटत होतं, बाई साड्या मागवतेय.

रंग सुधारले. सोमवारी संध्याकाळी मात्र नळी हटकून विटकरी. काय खाल्लं, डॉक्टर विचारत. काही नाही, सोमवार असतो, अक्का सांगत. त्या खोटं बोलत नव्हत्या; उपवासाच्या पदार्थांना खाणं म्हणायची त्यांच्या घरात रीतच नव्हती. डॉक्टर गोळी वाढवायला निघाले होते, पण चौथ्या मंगळवारी त्यांनी वेगळं विचारलं.

"सरी, बरं अक्का, खाल्लेलं नको. तोंडात काय काय गेलं ते सांगा."

साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, चार खजूर, गोड दूध... सांगता सांगताच अक्कांच्या लक्षात आलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

सोमवार सोडा, डॉक्टर म्हणाले. तीस वर्षांचा नेम! अक्कांना बूथमध्येच रडू फुटलं. घरी येऊन त्यांनी महादेवाला बजावलं, "सोमवारी मी भाकरी-भाजी खाणार. त्या बदल्यात गोड जन्मभर सोडलं. तुझं काही बुडत नाही." महादेव काही बोलला नाही, म्हणजे कबूल.

पुढच्या सोमवारी नळी हिरवी झाली, त्याच्या पुढच्या सोमवारी निळी राहिली. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा चहूबाजूंनी पाहिला आणि म्हणाले, जखम भरली, आता काढायचं काही नाही.

दवाखान्यातून अक्का थेट चपलांच्या दुकानात शिरल्या. दुकानदाराने माप विचारलं. अक्कांनी उजवा पाय पुढे केला.

"तूच घे माप," त्या म्हणाल्या. "पाचही बोटं धरून."