फातची हातोडी

मकावमध्ये रस्त्यांवरच्या मोटारशर्यतीचा आठवडा आला की आधी रस्त्यातली गटारांची झाकणं वेल्डिंग करून जखडावी लागतात. नाहीतर भरधाव गाडीखालच्या हवेच्या ओढीने मणभर लोखंड कागदासारखं उडतं. सव्वीस वर्षं हे काम लिओंग हाँग-फातचं होतं. वेल्डिंगचे टाके घातले की तो हातोडीचे तीन ठोके मारायचा. आवाज बद्द आला तर झाकण पक्कं, खणखणला तर ढिलं. फातने मान डोलवली की मुकादम मेई-कुन पिवळी फुली मारायची. त्या मानेचा त्याला भारी तोरा होता, आणि तो शोभायचाही.

पण याच गाड्यांनी त्याचे कान खाल्ले. यंदा ठोके नुसते हाताला कळत होते. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. हातोडी गेली तर आपण कोण, या भीतीने बिचारा अंदाजाने मान डोलवत राहिला.

इस्पितळाच्या चढावर त्याने चाळिसावं झाकण ठोकलं, मान डोलवली. शेजारी पेज विकणारी लिन-मावशी पळी उगारून ओरडली, "अरे बहिऱ्या, माझ्या पातेल्यासारखं वाजतंय ते!"

फात हसला. "एक वाटी दे मावशी. आलं जास्त घाल."

मेई-कुनचा ब्रश हातातच राहिला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "काका, कधीपासून?"

ओठ त्याला वाचता आले. खोटं बोलणं सोपं होतं. त्याने हातोडी तिच्या हातात दिली.

"सगळ्या फुल्या पुसून टाक. एकही झाकण ऐकलेलं नाही मी." आवाज इतका मोठा लागला की अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"लाज नाही वाटली? कुणाचं तरी पोर मेलं असतं!" मेई-कुन ओरडली. फातने मान खाली घातली. मग तिनेच त्याच्या खांद्यावर थाप मारली. "बसलात काय? उठा. टाके तुम्ही घाला, ठोके मी मारते."

चाळिसातली चार ढिली निघाली.

रविवारी दोघं लिन-मावशीच्या माडीवरच्या खिडकीत उभी होती. गाड्या आल्या तशी मावशीने कानांत बोटं घातली. फातने तळहात भिंतीला लावला आणि शेवटची गाडी झाकणावरून जाईपर्यंत काढला नाही. मग त्याने मेई-कुनकडे पाहिलं.

तिने मान डोलवली.