चिंचवड ते खेड, दर सतरा मिनिटांनी

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मला चिंचवडहून खेडला जावं लागलं, ते एका भिंतीवरच्या घड्याळापायी. घड्याळ खेडच्या एका आडतदार शेटजींचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं आणि दुरुस्तीला माझ्याकडे आलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. घड्याळातून जे निघेल ते पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचं, मग तो मोडका स्क्रू असो नाहीतर झुरळाची तंगडी. या घड्याळाच्या चावीच्या भोकातून कुंकू निघालं आणि तीन अक्षता. शेटजींनी खंडेनवमीची पूजा फार मनापासून केलेली दिसत होती. पुडी मी सदऱ्याच्या खिशात टाकली.

घड्याळ भिंतीवर सरळ लागलं नाही तर लंबक थांबतो, म्हणून मला सोबत जाणं भाग होतं. शेटजींनी त्यांची पिकअप गाडी पाठवली. मागं उघडा हौदा, पुढं दोघांपुरती जागा, आणि रंग कधीकाळी हिरवा असावा. नाकावर झेंडूची वाळलेली माळ होती. ड्रायव्हर सोपानराव मोशीकडचा, चाळिशीचा, डोक्याला पटका, आणि बोलायला बेताचा. मी गोधडीत गुंडाळलेलं घड्याळ मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा त्यानं गाडी सुरू करायच्या आधीच सांगून टाकलं.

"काका, ही वाटंत बंद पडती. दसऱ्यापासनं दोनदा बैल जुंपून न्यावी लागली. मालक म्हनलं, तिसऱ्यांदा बैल दिसलं तर चावी ठेव आन् घरी जा."

घरी सहा खाणारी तोंडं आणि जमीन थोरल्या भावाकडे, हे त्यानं पुढच्या मैलभरात तुटकतुटक सांगितलं. ही गाडी तो सहा वर्षं हाकत होता. मी म्हटलं, यंत्र म्हणजे यंत्र, कारणाशिवाय थांबत नाही. असली वाक्यं मी दुकानात रोज बोलतो.

भोसरीच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. दोन्ही बाजूंना बाजरी कापून पडली होती. सोपानरावानं घाई केली नाही. आधी बॉनेट उघडून आत पाहिलं. मग सीटच्या मागच्या बाजूला टाकीचं झाकण उघडलं, बाभळीची काठी आत घालून ती पेट्रोलात किती भिजतेय ते पाहिलं, झाकण पक्कं पिळलं. मग डगल्याच्या खिशातून लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलं, हात जोडले आणि हँडल मारलं. गाडी सुरू झाली. चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि सोपानरावानं माझ्याकडे असं पाहिलं की आता बोला.

मी बोललो. लिंबाचा आणि इंजिनाचा संबंध काय, हे मी चांगलं अर्धा मैल विचारलं. तो म्हणाला, मिस्त्रीनं कार्बुरेटर दोनदा धुतला, प्लग नवे घातले, पंप खोलून जोडला, गाडी तरी थांबतेच. लिंबानं निदान सुरू तरी होते. मी खिशातलं घड्याळ काढून वेळ पाहत बसलो.

मोशीला इंद्रायणीचा पूल दिसायला लागला आणि गाडी परत थांबली. मधे सतरा मिनिटं गेली होती. रस्त्यालगत एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा उपटत बसली होती. ही सोपानरावाची लांबची आत्या, आणि मागच्या दोन्ही वेळचे बैल तिचेच. तिनं गाडीकडे नुसतं पाहिलं आणि उठता उठता विचारलं, "सोपाना, बैल आनू व्हय?"

सोपानराव घाईनं नको म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मलाही त्याची कीव आली, पण मला कीव आली की मी खेकसतो, तसा खेकसलो. पुन्हा बॉनेट, काठी, झाकण, लिंबू, हात जोडणं, हँडल. गाडी सुरू झाली. आत्यानं मडक्यातल्या उकडलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या त्या शेंगांइतकं चांगलं मी त्या प्रवासात काही खाल्लं नाही. शेंगा खाताना वेळ पाहता येत नाही, एवढीच अडचण.

पूल ओलांडून चाकणच्या वाटेला लागलो. मधल्या चढावर गाडी तिसऱ्यांदा थांबली. एक शेंग सोलायची राहिली होती. पुन्हा सतराच मिनिटं. सोपानरावानं खिसा चाचपला. लिंबं संपली होती. तो खाली उतरला आणि मडगार्डवर हात ठेवून उभा राहिला.

"संपलं काका," तो म्हणाला. "आता बैलच."

एरवी मी चिडलो असतो, पण मी घड्याळजी आहे. जे रोज ठरल्या वेळी थांबतं ते आजारी नसतं, त्याला कुणीतरी अडवत असतं. मी त्याला म्हटलं, तू जे करतोस ते सगळं कर, पण एका वेळी एकच गोष्ट, आणि दर वेळी हँडल मार. आधी नुसतं हँडल मारलं. नाही. बॉनेट उघडून मारलं. नाही. मग झाकण उघडायला सांगितलं. त्यानं पिळलं तशी टाकीनं सोड्याच्या बाटलीसारखी फुस्स करून हवा आत ओढली. मी म्हटलं, मार हँडल. गाडी सुरू झाली, लिंबाशिवाय.

झाकण हातात घेऊन पाहिलं. आतून-बाहेरून शेंदराचा जाड थर, तेलात कालवून लावलेला, वाळून दगड झालेला. मधलं हवेचं भोक बुजून गेलं होतं. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार थांबते, दुसरं पाडावं लागतं. पेट्रोल जातं तिथं हवा यायला नको? मी विचारलं, दसऱ्याचा शेंदूर बॉनेटवर लावायचा सोडून इथं कशाला?

"खाती-पिती ती हितनंच," सोपानराव म्हणाला. "पोळ्याला बैलाच्या तोंडातच घास देतो ना आपन?"

माझ्या खिशात सकाळपासून कुंकवाची पुडी होती आणि मला तीन थांबे लागले होते. घड्याळाच्या बारीक सुईनं मी भोक मोकळं केलं. चाकणला आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला, आणि खेडपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

शेटजी आडतीच्या दारातच उभे होते. आधी त्यांनी गाडीच्या पुढं बैल आहेत का ते पाहिलं, मग मला नमस्कार केला. मी घड्याळ लावलं, लंबक सोडला. गाडी मी दुरुस्त केली हे सोपानरावानं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, गाडीत काय निघालं? मी सांभाळून म्हटलं, झाकणाच्या भोकात घाण होती.

"घान न्हाई," सोपानराव मागून म्हणाला. "शेंदूर हुता. मीच लावला."

मला त्याचा राग आला. मी त्याची नोकरी वाचवत होतो आणि हा शेंदराला घाण म्हणू देत नव्हता. शेटजींचा आवाज चढला. यंत्रात शेंदूर भरणाऱ्या माणसाच्या हातात आपण सहा वर्षं गाडी दिली, असं म्हणून त्यांनी चावीसाठी हात पुढं केला. सोपानरावानं चावी कडोसरीतून काढलीसुद्धा.

तेव्हा मला धंद्याची रीत आठवली. त्या पुढं केलेल्या तळहातावर मी माझी पुडी ठेवली. तुमच्या घड्याळातून निघालेला माल, म्हटलं.

शेटजींनी पुडी सोडली. कुंकू पाहिलं, तीन अक्षता पाहिल्या. मान वर करून चालत्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी पुडी परत बांधून देवाच्या फळीवर ठेवली.

"सोपान," ते म्हणाले, "गाडी सावलीत लाव. पाहुण्यांना उद्या सोडायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. बॉनेटवर शेंदराचा ताजा टिळा होता, झाकण स्वच्छ होतं. चाकण गेलं, मोशी गेली. आत्यानं बांधावरून हात केला. मी सवयीनं वेळ पाहत होतो आणि सतरा मिनिटं केव्हाच उलटली होती. सगळी कारणं मला कळली असं मला वाटायला लागलं होतं. भोसरीच्या पुढं गाडी थांबली. मी आधी उतरून झाकण उघडलं. फुस्स झालं नाही. सोपानरावानं काठी आत घातली, बाहेर काढली आणि मला दाखवली. ती टोकापर्यंत कोरडी होती. झाकण उघडायची गरजच उरली नव्हती, तर पेट्रोल कोण बघणार?

घर चार मैलांवर होतं. मी चालत आलो. सोपानराव पेट्रोलसाठी रिकामा डबा घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत सोबत होता, आणि त्याची चावी त्याच्या कडोसरीला होती.