फोपनारच्या केळ्यांचा श्वास

भुसावळ सोडलं आणि गाडीच्या दोन्ही अंगांना केळीच केळी सुरू झाली. चैत्राचं ऊन असं, की खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नाही, आणि बाहेर ती पानं मात्र हिरवीगार, ऐटीत उभी. मी कराडची, उसाच्या मुलखातली. हिरवळीचं मला काय कौतुक! तरीही खिडकीला नाक लावून बसले होते.

"पहिल्यांदा येताय वाटतं?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"हो. बुऱ्हाणपूरजवळ फोपनारला भाची दिलीय. तिनं गॅसवर केळी पिकवायची खोली बांधलीय, ती बघायला चाललेय."

बाईंचा चेहराच उतरला. "गॅसवर? अगं बाई! ते पावडरीचं केळं खाऊ नका हं. वरून सोनं आणि आत दगड."

मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेलं. असं काही ऐकलं की गप्प बसवत नाही. मी सुरूच झाले. पावडर वेगळी, तिच्यातून निघणारा वायू वेगळा, त्याला बंदी आहे ती योग्यच आहे. माझी भाची वापरते ते इथिलीन. तो वायू पिकणारं फळ स्वतःच सोडत असतं. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की बाकीचे का पिकतात? पिकलेल्यानं सोडलेला वायू कच्च्यांना लागतो म्हणून. दुधाला विरजण लावतो ना, तसं. बाई मान हलवत होत्या. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात रावेर आलं आणि त्या पिशव्या उचलून उतरून गेल्या. उतरताना म्हणाल्या, "तरी जपूनच खा."

बुऱ्हाणपूर स्टेशनवर वैशाली उभी होती. माझ्या बहिणीची ही मुलगी. शाळेत माझ्याच वर्गात शिकली, पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि लग्न करून इथे आली. नवरा इंदूरला नोकरीला, ही सासू-सासऱ्यांबरोबर शेती बघते. मला आधी तिनं मावा जिलबीच्या दुकानात नेलं. खव्याची ती काळसर, जाडजूड, गरम जिलबी खाताना मी दोन मिनिटं वायू, विज्ञान, सगळं विसरले. मग विचारलं, "काय गं, वाळलीस का एवढी?"

"मावशी, तीन दिवसांनी हनुमान जयंती. यंदा नैवेद्याच्या केळ्यांचा मान आमच्या घराला आहे. सगळं गाव देवळात केळं खातं. आप्पा म्हणाले, यंदाची केळी तुझ्या खोलीत पिकव. जमलं तर खोली तुझी. नाही जमलं तर तिथे कापूस भरीन, आणि पुन्हा गॅसचं नाव काढायचं नाही."

"आणि तू हो म्हणालीस?"

"हो म्हणाले. खोली भरून झालीय. आज संध्याकाळी गॅस सोडायचा."

आप्पा म्हणजे तिचे सासरे. उंच, काटक, डोक्याला पांढरा रुमाल. अंगणातच त्यांनी माझं स्वागत केलं, "या या, इहीनबाई (विहीणबाई). लई गरमी आहे. पहिले पानी प्या, फिर बाकीच्या गोष्टी." इकडचं मराठी असंच. मधूनच हिंदी डोकावतं, मधूनच खानदेश. कानाला गोड लागतं. जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडदाची), शेवभाजी आणि ठेचा. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि आप्पा मनापासून हसले.

जेवण झाल्यावर त्यांनी आपली जुनी वखार (केळी पिकवायची बंद खोली) दाखवली. मातीच्या जाड भिंती, खिडकी एकही नाही. कच्चे घड रचायचे, कोपऱ्यात गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला पेटवून धुरी द्यायची, आणि दाराच्या फटी शेणमातीनं लिंपून टाकायच्या. ठरलेला दिवस येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. उघडताना बांबूला दिवा बांधून आधी तो आत धरायचा. दिवा जळला तर माणूस आत जाणार. आप्पांच्या वडिलांपासून ही रीत. "हवा लागली की माल गेला," आप्पा म्हणाले. "आमची सारी कारीगरी लिंपण्यात."

मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं. त्या धुरात थोडं इथिलीन असतंच की! नाव न घेता या माणसानं जन्मभर तोच वायू वापरला होता. मी तसं म्हटलंही, विरजणाचा दाखलाही दिला. आप्पांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळायला लागले.

वैशालीची खोली अंगणाच्या पलीकडे. पांढरी, थंडगार, दाराला काचेचा चौकोन. आत क्रेटमध्ये हिरव्या फण्या, एकीवर एक. संध्याकाळी तिनं चिमूटभर म्हणावा एवढा गॅस सोडला आणि दार लावलं. मागच्या भिंतीत उंचावर एक झडप होती. ती दाखवून ती सासऱ्यांना म्हणाली, "आप्पा, उद्या मी मावशीला कुंडी भंडारा दाखवायला नेतेय. परतायला उशीर झाला तर संध्याकाळी झडप आणि दार घटकाभर उघडाल? आतली हवा बदलायला पाहिजे."

आप्पांनी मान हलवली.

कुंडी भंडारा ही बुऱ्हाणपूरची आश्चर्याची गोष्ट. मोगलांच्या काळी डोंगरातलं पाणी शहरात आणण्यासाठी खणलेला भुयारी पाट. वरून बघावं तर माळावर ओळीनं विहिरींची तोंडं, त्यांनाच कुंडी म्हणतात. एका कुंडीतून लिफ्टनं खाली उतरलो. वर भाजून काढणारं ऊन आणि खाली पाय बुडेल एवढं नितळ, गार पाणी! मी चपला हातात घेऊन पोरीसारखी चालत सुटले. भिंतींवर पांढऱ्या चुन्याचे थर चढले होते. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड बरोबर घेतं, त्याच्या जोरावर खडकातला चुना विरघळवतं. इथे मोकळ्या हवेत आलं की तो वायू उडून जातो आणि चुना भिंतीला राहतो. फळ्यावर मी हे समीकरण किती वेळा लिहिलं असेल! ते असं हाताला गार लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी भिंतीवर हात ठेवून तशीच उभी राहिले, आणि खरं सांगते, डोळे भरून आले.

"एवढ्या खोल गुदमरत कसं नाही गं?" मी विचारलं.

वैशालीनं वर बोट दाखवलं. आभाळाचा गोल तुकडा दिसत होता. "या कुंड्या त्यासाठीच. पाण्याला आणि माणसाला, दोघांना हवा मिळते."

परतताना आमची जीप शाहपूरच्या अलीकडे पंक्चर झाली. दुसरं चाक काढलं तर त्यातही हवा नाही. ड्रायव्हरवर मी अशी डाफरले, की तो बिचारा उन्हात पंपाच्या शोधात पळाला. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता.

"आप्पा, हवा दिलीत ना?" वैशालीनं जीपमधूनच विचारलं.

"मी सगळं पाहिलं. फिकर नको," आप्पा म्हणाले. आम्ही निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काचेतून बघून आली, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. केळ्यांचा हिरवा रंग फिकट व्हायला हवा होता. ती तशीच गडद हिरवी होती. उद्या सकाळी नैवेद्य. ती दार उघडून आत घुसणार, एवढ्यात आप्पा ओरडले, "थांब पोरी! दिव्याशिवाय नाही!"

दार उघडून त्यांनी बांबूला बांधलेला दिवा आत सरकवला. गॅस चिमूटभरच, त्यामुळे पेटायची भीती नव्हती. दिवा जमिनीजवळ गेला, ज्योत बारीक झाली आणि विझली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. केळी तोडल्यावरही श्वास घेतात, आपल्यासारखाच प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यांनी खोलीतला प्राणवायू संपवत आणला होता. आणि कार्बन डायऑक्साइड साचला की इथिलीनचं काही चालत नाही, पिकणं अडून बसतं.

मी धावत मागे गेले. झडपेवर शेणमातीचं सुरेख, गुळगुळीत लिंपण. बोटांचे ठसे उमटलेले.

माझा पारा चढला. "आप्पा, हे मुद्दाम केलंत तुम्ही! सुनेला हरवायला! शोभतं का या वयात?"

वैशाली रडवेली होऊन त्यांच्याकडे बघत होती. आप्पा तिलाच म्हणाले, "मीच लिंपली. काल उघडायला गेलो तर आतून गोड वास आला. वाटलं, पोरीचा गॅस चाललाय वाया. तुझी खोली जायला नको म्हणून लिंपली. लिंपणाचे चांगले दोन हात दिले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला जे जन्मभर सर्वांत चांगलं येत होतं, तेच त्यानं सुनेच्या पारड्यात टाकलं होतं.

वैशालीनं डोळे पुसले. "आप्पा, कुंडी भंडाऱ्याला वरून तोंडं का ठेवलीत?"

"हवेसाठी. नाही तर आतला मानूस..." आप्पा थांबले. विझलेल्या दिव्याकडे बघितलं, मग क्रेटांकडे. "म्हणजे हे आत गुदमरले?"

"जिवंत आहेत ना ते."

आप्पांनी कुदळ घेतली आणि स्वतः लिंपण फोडलं. दार सताड उघडलं, पंखा लावला, मी पदर खोचून सुपानं वारा घालत बसले. दुसऱ्यांदा बांबू आत गेला तेव्हा दिवा छान जळला. वैशालीनं पुन्हा चिमूटभर गॅस सोडला. त्यानंतर पिकणं वेगानं व्हावं म्हणून खोलीतला गारवाही तिनं थोडा कमी केला. "आता त्यांच्यावर आहे," ती म्हणाली. त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही.

पहाटे दार उघडलं. पिवळी नव्हती. पण हिरवीही नव्हती! पोपटी रंगाला पिवळी झाक आली होती, देठ हिरवे. वैशाली म्हणाली, "अजून एक दिवस हवा होता." आप्पांनी एक फणी हातात घेतली, वास घेतला आणि क्रेट उचलायला सांगितलं.

देवळाच्या आवारात गाव जमलं होतं. नैवेद्य झाला, आणि एका म्हाताऱ्यानं केळं उलटसुलट करत विचारलंच, "आप्पा, यंदा देठ हिरवा कसा? धुरी कमी पडली का?"

मी आप्पांकडे बघितलं. 'हो' म्हणाले असते तर कोणाला कळणार होतं?

"धुरीचं नाही. गॅसचं आहे," आप्पा मोठ्यानं म्हणाले. आवारात कुजबुज झाली. "पावडर नाही, ध्यान देऊन ऐका. केळं आपला गॅस आपणच काढतं. माझ्या सुनेनं थोडा उसना दिला, विरजणासारखा. देठ हिरवा राहिला तो माझ्या चुकीनं. तिचं काम पक्कं आहे." आणि सर्वांदेखत त्यांनी केळं सोलून खाल्लं. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. मग त्या म्हाताऱ्यानं खाल्लं. मग बायकांनी, पोरांनी. थोडं घट्ट होतं, पण गोड होतं. वैशाली खांबाआड उभी राहून रडत होती, आणि मी तरी कोरडी कुठे होते!

निघताना आप्पा स्टेशनवर आले. कच्च्या केळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली, वर एक पिकलेलं ठेवलेलं. कराडपर्यंत सगळी पिकतील, म्हणाले. गाडी हलायला लागली तशी केळी सांडू नयेत म्हणून मी पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारली. आप्पा गाडीबरोबर चालू लागले, खिडकीतून हात घातला आणि जन्मभर लिंपत आलेल्या त्या बोटांनी ती गाठ सोडली.

"तोंड बांधू नका, इहीनबाई," ते म्हणाले. "श्वास घेऊ द्या त्यांना."