पोर पाण्यात आहे

नाखवा मॅडमनी माझी ओळख करून घेतली ती माझ्या हातातला डबा काढून घेऊन. दिघीच्या खाडीबाहेर आमची लाँच उभी होती. समुद्राच्या तळाचा नकाशा काढणारी, माणसाविना चालणारी पिवळी गाडी नुकतीच पाण्याखाली गेली होती. मी पोळीभाजीचा पहिला घास घेणार, तेवढ्यात डब्यावर झाकण बसलं. "पोर पाण्यात आहे," मॅडम म्हणाल्या. "ते वर आलं की सगळे जेवू."

मी जालन्याचा. भूक लागली की मला सख्खा भाऊ ओळखू येत नाही. मनात म्हटलं, काय खडूस बाई आहे! पण मॅडम स्वतःही जेवत नव्हत्या, बसतही नव्हत्या. पदर खोचून, कठड्याला हात लावून पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या. नंतर कळलं, त्या इथल्याच कोळीवाड्यातल्या. वडिलांची होडी दिसल्याशिवाय त्यांची आई ताटावर बसत नसे. मोठ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी हा प्रशिक्षणाचा वर्ग आपल्या किनाऱ्यावर आणला होता.

शिकवायच्या मात्र फार सुंदर. शेतात नांगर फिरावा तशी ती गाडी तळावरून येरझाऱ्या घालते, आवाज सोडते आणि तळाला आपटून परत आलेला आवाज टिपते. आम्ही पडद्यावरची रंगीत चित्रं बघून हुरळून जायचो. मॅडम म्हणायच्या, "हे बघणं नव्हे रे बाबांनो, हे ऐकणं आहे. आणि ज्याला ऐकायचंय त्यानं आधी गप्प बसावं." मग लाँचचं इंजिन बंद, आमची तोंडं बंद.

इथे डोल जाळी लागतात. तळात रोवलेल्या खुंटांना ती बांधलेली असतात, आणि वाहत्या पाण्याबरोबर मासळी आपोआप आत शिरते. मॅडमनी वर्ग सुरू करण्याआधी कोळीवाड्यात घरोघरी जाऊन शब्द दिला होता, की आमच्यापायी तुमच्या जाळ्याचा एक दोरा तुटणार नाही. त्या शब्दावरच गावाने होकार दिला होता.

आणि एक दिवस गाडी वेळेवर वर आलीच नाही. आमच्यातली सगळ्यात हुशार रेणू. तिने येरझाऱ्या जाळ्यांपासून लांब आखल्या होत्या, पण टोकाला गाडी वळते तेव्हा तिला जागा लागते, ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. वळता वळता गाडी थेट जाळ्यात! गाडीवरचा भोंगा पाण्याखालून एकाच जागेवरून कुईकुई करत होता. रेणू रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "रडतेस कशाला? आराखड्यावर सही माझी आहे."

कार्यालयातून साहेबांचा फोन आला. ओहोटीचं पाणी जोरात होतं, खुंटावर आपटून गाडी फुटली असती. साहेब ओरडत होते, ते आम्हालाही ऐकू येत होतं: "जाळं कापा आणि गाडी काढा!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, जाळं कापून गाडी मिळेल. पण उद्या गाडी सोडायला समुद्र कुठून आणू?"

जाळं हिराजीकाकांचं होतं, मॅडमच्या चुलत चुलत्यांचं. ते होडी घेऊन आले आणि मॅडमना म्हणाले, "पानी थांबल्याबिगर जालं उचलनार न्हाय गो, पमा." मग आम्ही ओहोटी संपून पाणी थांबायची वाट बघत राहिलो. काकांनी भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. माझ्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, चोची मारत होते. मॅडमनी मान हलवली. "पोर पान्यात हाय, काका. घास उतरनार न्हाय." काकांनी आमच्याकडे बघितलं, भाकरी परत फडक्यात बांधली आणि स्वतःही जेवले नाहीत.

पाणी थांबलं. जाळं वर आलं. बोंबलांच्या ढिगात आमची पिवळी गाडी, नाक फुटलेली! काका हसून म्हणाले, "तुजं पोर माज्या जाल्यात शिरलं गो!" मॅडमनी ओल्या गाडीवरून हात फिरवला आणि मग आमच्या देखत ढसाढसा रडल्या.

फुटक्या नाकाची किंमत त्यांनाच मोजावी लागली. वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला गेला. त्या ही नोकरीही सोडून गावातच राहिल्या. काही वर्षांनी तो वर्ग माझ्याकडे आला. आता हंगाम लागला की कोळीवाडा आपणहून जाळ्यांच्या जागा सांगतो. मी म्हणायचो, "मॅडम, ही तुमची कमाई." त्या म्हणायच्या, "माझी कसली? तू डबा बंद ठेवतोस ना, तेवढं पुरे." पुढे आजारपण आलं, तरी सकाळी लाँच निघाली की त्या खिडकीत असायच्या.

परवा गाडी पाण्यात सोडली आणि मुलं ओरडली, "सर, आज समुद्र मोकळा!" खरंच. एका खुंटाला जाळं नाही, एक होडी नाही. गावात पालखी असेल, असं मला वाटलं. चेष्टेनं हिराजीकाकांना फोन लावला. "काय काका, आज सगळ्यांना सुट्टी?"

काका म्हणाले, "पमा गेली रे पहाटे. आज गावातलं कोन दर्यात जात न्हाय."

मी म्हणालो, "आत्ता लाँच फिरवतो. येतोच."

"तुजी गाडी पान्यात हाय?"

"आहे."

"मंग न्हाय फिरवायची. तिला चालनार न्हाय. वर येऊं दे, मंग ये. तवर आमी तिला उचलत न्हाय."

मुलांना काय झालं ते सांगितलं. कुणी डब्याला हात लावला नाही. गाडी वर यायला अजून बराच अवकाश होता, आणि तिकडे किनाऱ्यावर अख्खं गाव तिची वाट बघत थांबलं होतं.