बटणं जागेवर लावताना

दर रविवारी सकाळी चहा झाला की मी आमचा कॉम्प्युटर उघडायची. चालू करायची नाही, स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडायची. रंगाच्या ब्रशनं पंख्यावरची धूळ झाडायची, सायकलच्या पंपानं कोपऱ्यांत हवा मारायची, रॅमची पट्टी काढून तिची पिवळी कड खोडरबरानं घासायची आणि परत बसवायची. अकोल्यात धूळ फुकट मिळते. एक रविवार चुकला तर पंखा घरघरायचा आणि मशीन मध्येच बंद पडायचं.

ते बंद पडून चालणार नव्हतं. यजमानांचं सगळं बोलणं त्याच्यातून होतं.

यांनी जन्मभर मराठी टायपिंगचे क्लास घेतले आणि जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. दोन्ही मनापासून. खर्ऱ्यानं गळ्यात गाठ आली, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, श्वास घ्यायला गळ्याला भोक राहिलं. लिहायला पाटी दिली, ती दोन दिवसांत कोपऱ्यात गेली. फोनवर एका बोटानं टिचक्या मारायचा यांना राग यायचा. दहा बोटांनी मात्र हे बोलण्याच्या वेगानं टाईप करत. त्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइपरायटरसारखीच अक्षरं बसवलेली होती. बटणांवर छापलेली अक्षरं इंग्रजी, यांच्या बोटांत मराठी. मी ओट्याशी असले की आतून खडखड ऐकू यायची. हात पुसत जाऊन पडद्यावर वाचायची: ‘भाजीत मीठ टाकाले विसरली का आज?’

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, “बाबा, ते खटारं फेका आता. मी नवा पाठवते.”

यांनी टाईप केलं, मी तिला वाचून दाखवलं: ‘बाप बी खटारंच हाये. त्याले कुठं फेकतं?’

ती हसली. नवा तिनं पाठवलाच. त्यात जुना फाँट बसेना आणि सपाट बटणांवर यांची बोटं घसरायची. तो कपाटात गेला.

मग उन्हाळा आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गळ्याच्या भोकाला कोरडी हवा चालत नाही, कूलरसमोर बसवा. बसवलं. तर रॅम दोन-दोन दिवसांनी काळी पडायला लागली. दुरुस्तीवाला म्हणाला, “वहिनी, कूलरची ओल खाऊन राहिली याले. आतला बोर्ड गेला तर आता भेटत नाही.”

घरी येऊन मी ते सांगितलं. यांनी लगेच हातानं खूण केली, कूलर फिरव.

“अहो, गळा सुकतो तुमचा. डॉक्टर काय म्हणाले?”

खडखड. ‘गळा सुकला तं पानी पितो. हे बंद पडलं तं तुह्याशी भांडू कसा?’

मी कूलरचं तोंड भिंतीकडे केलं आणि यांच्या गळ्यावर ओला रुमाल बांधला. तो उन्हाळा आम्ही ओल्या रुमालांवर काढला. मशीन टिकलं.

पावसाळ्यात दुखणं उलटलं. अमरावतीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. कॉम्प्युटर अकोल्यात राहिला. पेन दिलं तर यांच्या बोटांतून गळून पडायचं.

एका दुपारी बघते तर यांचे दोन्ही हात चादरीवर पालथे, आणि बोटं चाललेली. हे टाईप करत होते. पडद्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होते.

कीबोर्ड मी कितीदा खोलला होता. एकेक बटण उपसून साबणाच्या पाण्यात टाकायचं, ताटात वाळवायचं, परत जागेवर दाबून बसवायचं. कुठलं कुठं बसतं ते मला पाठ होतं. पण मला पाठ होती ती वर छापलेली इंग्रजी अक्षरं. खालची मराठी फक्त यांच्या बोटांना माहीत होती.

“सावकाश, अहो. पुन्हा सांगा.”

यांनी पुन्हा सांगितलं. उजव्या हाताची करंगळी वर सरकली, मग बाकीची बोटं. पुन्हा करंगळी वर. दर वेळी सुरुवात तिथूनच. मला काही अर्थ लागेना. क्लासमध्ये सराव न करता आलेल्या पोरींकडे हे जसे बघत, तसं माझ्याकडे बघितलं आणि हात आवरून घेतले.

त्यानंतर बोटं हलली नाहीत. दोन दिवसांनी हे गेले.

तेरावं झालं, पाहुणे गेले. रविवारी मी पत्रा उघडला, धूळ झाडली, रॅम घासली. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. यांच्या खुर्चीवर बसले, हात यांच्यासारखे पालथे ठेवले आणि उजवी करंगळी वर सरकवली. बटणावर पी होता. दाबलं. पडद्यावर च आला.

चहा असेल. चहा डॉक्टरांनी बंद केला होता, पण म्हणून हे मागणार नाहीत असं थोडंच. चष्मा असेल. चल असेल.

करंगळीनंतर कुठलं बोट हललं होतं, ते मला आठवत नाही.